गावची बंद पडलेली दूध संस्था पुन्हा सुरू करावी का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आमचे गाव बोरी नदीच्या काठी आहे. कपाशी आणि मका ही मुख्य पिके, आणि जवळजवळ प्रत्येक दारात दोन-तीन म्हशी. सहा वर्षांपूर्वी गावची दूध संस्था बंद पडली. शेवटच्या वर्षी दुधाचे तीन पगार (दुधाच्या पैशांचे हप्ते) थकले, सचिवाकडे हिशेब मागितला तर वही सापडली नाही, आणि दिवाळीच्या दर फरकाची, म्हणजे नफ्यातून सभासदांना परत मिळणाऱ्या रकमेची, वाट पाहून पाहून लोकांनी दूध दुसरीकडे वळवले. तेव्हापासून एक खाजगी संकलक येतो. तो दूध मोजतो, नमुना घेतो, दर ज्यावर ठरतो ती फॅट तोंडी सांगतो. हिवाळ्यात दूध वाढले की त्याचा दर एका रात्रीत उतरतो आणि काही वेळा संध्याकाळचे दूध तो घेतच नाही.

गेल्या महिन्यात ४२ घरांची बैठक मारुतीच्या पारावर झाली. निम्म्या लोकांना संस्था पुन्हा हवी आहे आणि निम्म्यांना तिचे नावही नको आहे. आपल्यासारख्याच दोन-चार जनावरांच्या शेतकऱ्यांच्या दूध संस्था आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतही आहेत असे वाचले. त्या कशा चालतात, कुठे टिकल्या, कुठे बुडाल्या, आणि आमच्यासारख्या एकदा पोळलेल्या गावाने काय करावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

गिरणाथडी

बोरीकाठ दादा, मी १९ वर्षे एका गावच्या संस्थेत टेस्टर होतो, म्हणजे दुधाची फॅट तपासत होतो, म्हणून तपासणीच्या टेबलापासूनच सुरुवात करतो. माझ्या मते संस्थेचे जगणे-मरणे तिथेच ठरते.

पूर्वी आम्ही गर्बर पद्धतीने फॅट काढत असू. बुटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल घालायचे, बूच लावून नळी हलवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायची. नळी हाताला चटका देते, आतले दूध तपकिरी होते आणि वर पिवळसर फॅटचा थर स्वच्छ दिसतो. हा थर टेस्टर एकटाच बघतो. नळी डोळ्यांच्या रेषेत न धरता जरा खालीवर धरली तर एका पॉइंटचा, म्हणजे ०.१ टक्क्याचा, फरक सहज पडतो. आता यंत्र आले आणि आकडा पडद्यावर दिसू लागला, पण तो पडदा शेतकऱ्याकडे वळवलेला असेल तरच त्याचा उपयोग.

दुसरी गोष्ट दशांशाची आहे. ६.४८ फॅट लागली आणि वहीत ६.४ लिहिली, तर ती चोरी कुणाच्या नजरेत येत नाही. दिवसाला ६०० लिटर दूध असेल तर वजन सुमारे ६१८ किलो होते. सरासरी अर्धा पॉइंट, म्हणजे ०.०५ टक्के फॅट प्रत्येकाची कापली गेली, तर रोज सुमारे ३१० ग्रॅम फॅट हिशेबाबाहेर राहते. किलो फॅटचा दर ८०० रुपये धरला तर दिवसाला जवळपास २५० रुपये आणि महिन्याला साडेसात हजारांच्या घरात रक्कम जाते. जिल्हा दूध संघाचा टँकर हे दूध पुन्हा तपासून घेतो आणि संस्थेला पूर्ण फॅटचे पैसे देतो. मधली रक्कम कुणाची, हा प्रश्न सभासदाने विचारायला हवा. प्रामाणिक संस्थेत ती वर्षाअखेरीला नफ्यात दिसते आणि दर फरकाच्या रूपाने परत येते. तुमच्या गावात वही सापडली नाही, त्यावरून काय झाले असेल याचा अंदाज मला येतो.

पांझराकाठ

गिरणाथडी यांचा हिशेब बरोबर आहे, तरी मी खाजगीच्या बाजूने बोलणार आहे. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात संकलकाने एका शब्दावर ८० हजारांची उचल दिली. ती पुढची दोन वर्षे दुधातून कापली गेली. त्या आधी ज्या संस्थेत मी दूध घालत होतो तिथे माझ्याच घामाचे पैसे तीन-तीन महिने मिळत नव्हते. ढेप आणायची असेल तर दुकानदार रोख मागतो, तो दर फरकापर्यंत थांबत नाही. गरिबाला दोन रुपये जास्त दरापेक्षा वेळेवर पडणारे पैसे मोठे वाटतात, आणि सहकाराची बाजू मांडणारे लोक नेमके हेच विसरतात.

उंबरठा

पांझराकाठ भाऊ, उचल मिळाली हे खरे, पण त्या दोन वर्षांत दर उतरला तेव्हा तुम्हाला दूध दुसऱ्याला घालता आले असते का, हेही सांगावे.

पांझराकाठ

नाही, ताई, आले नसते. हिवाळ्यात त्याने दर पाडला तेव्हा मी गप्प बसलो, हे कबूल करतो.

चोपडा ते नैरोबी

मी मूळचा चोपडा तालुक्यातला असून नोकरीनिमित्त केनियात राहतो. मूळ प्रश्नाचा परदेशाचा भाग मी घेतो, कारण इथली गोष्ट आपल्या प्रश्नाला फार जवळून लागू पडते.

केनिया कोऑपरेटिव्ह क्रीमरीज ही संस्था १९२५ साली गोऱ्या वसाहतवाल्यांनी स्वतःसाठी काढली. १९६३ च्या स्वातंत्र्यानंतर ती छोट्या आफ्रिकी शेतकऱ्यांसाठीही खऱ्या अर्थाने खुली झाली आणि शहरांतल्या दूध विक्रीची मक्तेदारी तिच्याकडेच राहिली. मात्र नेमणुका आणि दर यांत राजकारण शिरले आणि शेतकऱ्यांचे पैसे थकू लागले. १९९२ मध्ये सरकारने दुधाचा बाजार खुला केला तेव्हा आधीच पोखरलेल्या संस्थेला स्पर्धा झेपली नाही आणि त्या दशकाच्या शेवटी ती कोसळली. २००० साली ती खाजगी लोकांच्या हातात गेली, २००३ मध्ये नव्या सरकारने ती परत घेतली आणि आज ती न्यू केसीसी या नावाने चालते. आजही इथले बहुतांश दूध कच्चेच, कॅन आणि दुचाकीवरून थेट विकले जाते. म्हणजे तुमचा संकलक इथेही आहेच.

त्याच देशात नैरोबीजवळच्या कियांबू भागात गिथुंगुरी नावाची संस्था आहे. ती १९६१ ची आहे आणि त्या पडझडीतून ती तगली. २००४ मध्ये तिने स्वतःचा प्रक्रिया कारखाना सुरू केला आणि फ्रेशा या नावाने दूध बाजारात आणले. तिथल्या एका सभासदाच्या घरी मी गेलो होतो. गोठ्यात तीन गायी, मागे हत्ती गवताचा पट्टा, आणि भिंतीवरच्या खिळ्याला महिनाभराच्या दुधाच्या चिठ्ठ्या टोचून ठेवलेल्या. संस्थेचे स्वतःचे दुकान आहे. पेंड, औषध, कृत्रिम रेतन, घरचे किराणा सामानसुद्धा तिथून उधार मिळते आणि महिन्याच्या दुधातून वळते होते. पांझराकाठ भाऊंना संकलकाने जी उचल दिली, ती इथे संस्थाच देते. आपल्याकडच्या संस्थांनी हे काम सोडून दिले आणि म्हणून खाजगी माणूस आत शिरला, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमाखर्च

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. वही सापडली नाही हे वाक्य वाचून वाईट वाटले, कारण अशा वेळी सभासदांच्या हातात कायदा असतो आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली निबंधक संस्थेच्या कारभाराची चौकशी करू शकतात आणि कलम ८८ खाली नुकसानीची रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले की ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी. बोरीकाठ, तुमच्या गावात शेवटची सभा कधी झाली होती?

बोरीकाठ

सभेची नोटीस फळ्यावर लागल्याचे आठवते. सभेला किती जण होते ते आठवत नाही, मीही गेलो नव्हतो. सह्या मात्र घरी येऊन घेतल्या गेल्या आणि मीही केली.

जमाखर्च

तुमच्यावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही, पण अशी घरपोच सही मी जवळपास प्रत्येक बुडालेल्या संस्थेच्या दप्तरात पाहिली आहे. संस्था पुन्हा काढाल तर आधी हे बंद करा.

शहादेकर

पैसे दर दहा दिवसांनी थेट खात्यात पडणार असतील तर संस्था काढा, नाहीतर काढू नका.

केळीबाग

आमच्याकडे रावेर भागात लोकांचे सारे लक्ष केळीवर असते आणि जनावर हा जोडधंदा मानला जातो. २०२२ च्या साथीत लम्पी त्वचारोग राज्यात सर्वांत आधी, ऑगस्टमध्ये, आमच्याच तालुक्यात आढळला. गायींच्या अंगावर गाठी उठत होत्या, पायांना सूज येत होती, आणि ज्या गोठ्यात काल धार काढली तिथे आज जनावर उभे राहत नव्हते. त्या काळात माझ्या लक्षात आले की जिथे दूध संस्था जिवंत होती तिथे कुणाकडे किती जनावरे आहेत याची यादी तयार होती, लस कधी येणार याचा निरोप सकाळच्या संकलनाच्या वेळीच सर्वांना मिळत होता, आणि डॉक्टर एका ठिकाणी येऊन बसत होता. संकलकाला दूध घालणाऱ्या वस्तीत प्रत्येकाने आपापला डॉक्टर शोधला. दुधाचा दर किती मिळाला एवढ्यावरूनच संस्थेचे मोल करू नये, असे मला तेव्हापासून वाटते.

आणंदचा विद्यार्थी

इतक्या चर्चेत आणंदचे नाव अजून आले नाही याचे आश्चर्य वाटते. तिथे शिकलो असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

खेडा जिल्ह्यातले दूध मुंबईला पाठवण्याचा मक्ता पोल्सन या कंपनीकडे होता आणि शेतकऱ्याला दलाल देईल तो दर घ्यावा लागत होता. सरदार पटेलांच्या सल्ल्याने ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. सरकार सहकारी संघाचे दूध घेणार नसेल तर कुणालाच दूध घालायचे नाही, असे ठरले आणि पंधरा दिवस एक थेंबही मुंबईला गेला नाही. संघाची, म्हणजे आजच्या अमूलची, नोंदणी १४ डिसेंबर १९४६ ची. सुरुवात दोन गावच्या संस्था आणि दिवसाला सुमारे २५० लिटर दूध एवढ्यावर झाली. त्रिभुवनदास पटेल गावोगाव हिंडून माणसे जोडत होते. १९४९ मध्ये तरुण अभियंते वर्गीस कुरियन आले आणि पुढे दुग्धतंत्रज्ञ दलायाही त्यांना येऊन मिळाले. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असे तेव्हा परदेशी तज्ज्ञ सांगत असत, ती दलायांनी करून दाखवली आणि १९५५ मध्ये पावडरचा कारखाना सुरू झाला.

ही पावडर बोरीकाठ यांच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. आपल्या म्हशी उन्हाळ्यात नीट माजावर येत नाहीत, पावसाळा सरताना आणि थंडीच्या तोंडाशी जास्त वितात, त्यामुळे हिवाळ्यात दुधाला पूर येतो आणि मे महिन्यात ते आटते. धंद्यात याला पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. खाजगी संकलक उन्हाळ्यात संस्थेपेक्षा चढा दर देऊन दूध ओढून घेतो आणि पुष्टकाळात हात वर करतो. सहकारी संघाला मात्र सभासदाने आणलेले सगळे दूध बाराही महिने घ्यावे लागते, आणि ते पेलायचे असेल तर जास्तीचे दूध पावडर आणि लोण्यात साठवण्याची सोय लागते. म्हणून एकट्या गावची संस्था कधीच पुरी पडत नाही. गावात संस्था, जिल्ह्यात संघ आणि राज्यात महासंघ अशी तीन पायऱ्यांची रचना आणंदमध्ये रुजली ती याच गरजेतून. १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री अजरपुरा या गावी एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करून हे सर्व पाहून गेले. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० पासून १९९६ पर्यंत दुधाचा महापूर ही योजना चालली. युरोपातून मदत म्हणून आलेली पावडर आणि बटर ऑइल फुकट न वाटता, त्यांचे दूध करून शहरांत विकायचे आणि तो पैसा गावच्या संस्थांत घालायचा, ही त्यामागची कल्पना होती.

सातपुडा पायथा

माहिती उत्तम आहे, पण तो महापूर आमच्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात पोचला नाही. इथे योजनेतून संकरित गायी आल्या. त्यांना हिरवा चारा, सावली आणि पाणी लागते. मार्चनंतर आमच्या पाड्यांवर माणसांना पाणी डोक्यावरून आणावे लागते. वर्षभरात बहुतेक गायी विकल्या गेल्या किंवा मेल्या. दूध गोळा करायला गाडी यायची ती मुख्य रस्त्यापर्यंतच, आणि तिथवर पायी नेईपर्यंत उन्हात दूध नासायचे. रस्ता, चारा आणि थंड करण्याची सोय यांच्या आधी जनावर वाटले तर गरिबाच्या डोक्यावर फक्त कर्ज उरते.

गिरणाथडी

सातपुडा पायथा यांनी कळीचा मुद्दा मांडला आहे. दूध सडातून निघते तेव्हा ३८ अंशांच्या आसपास असते आणि ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणावे लागते. आपल्या मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना कॅन दोन तास उघड्यावर राहिला तर टँकरवाला उकळून पाहतो आणि फुटले की पूर्ण कॅन परत पाठवतो. एका घरचे नासके दूध ४० घरांच्या दुधात मिसळते, म्हणून बल्क कूलर (दूध थंड करून साठवणारी मोठी टाकी) किती अंतरावर आहे हे बोरीकाठ यांनी सर्वांत आधी पाहावे.

केळीबाग

थोडे विषयांतर होईल, पण ढेपीचा दर आणि दुधाचा दर यांचा मेळ कुणाला बसतो का? यंदा मी मक्याचा मुरघास केला. खड्ड्यात भरून, तुडवून, वर प्लॅस्टिक आणि माती टाकली. उघडल्यावर आंबूस वास आला आणि म्हशी अक्षरशः तुटून पडल्या. ढेपीचा खर्च बराच उतरला.

पांझराकाठ

मुरघास उत्तमच, फक्त हवा राहिली तर काळी बुरशी धरते आणि ते जनावराला घालू नये. आता पुन्हा संस्थेकडे वळावे.

उंबरठा

वळूया. इतक्या प्रतिसादांत धार कोण काढते याचा उल्लेख कुणीही केला नाही, म्हणून मी लिहिते. मी शिंदखेडा तालुक्यातली. पहाटे साडेचारला उठून शेण काढणे, वैरण टाकणे, कास धुणे, धार काढणे, दूध केंद्रावर पोचवणे हे सगळे मी करते. पासबुकावर नाव माझ्या पतीचे होते. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हा जनावराच्या कानातल्या बिल्ल्याची ऑनलाइन नोंद आणि बँक खाते यांची अट होती. आमच्या गायीचा बिल्ला सासऱ्यांच्या नावे, दूध पतीच्या नावे आणि घालणारी मी. दीड महिना कागदांसाठी फिरले ती मीच. त्यानंतर घरात शांतपणे बोलून सभासदत्व आणि खाते दोन्ही माझ्या नावे करून घेतले. पहिला पगार जमा झाल्याचा संदेश माझ्या फोनवर आला, तेव्हा मी तो सासूबाईंना तीन वेळा वाचून दाखवला.

आमच्या आजी अहिराणीत म्हणत, ‘म्हैस आपली, पन माप त्यान्हं.’ ज्या बाईने दूध काढले तिला आज किती फॅट लागायला हवी ते अंदाजाने कळते, कारण काल वैरणीत काय होते हे तिला ठाऊक असते. तिला सभासद करा, तिच्या हातात चिठ्ठी द्या, आणि मग आकडा खाली लिहून बघा.

चोपडा ते नैरोबी

उंबरठा ताईंच्या प्रतिसादाला मनापासून दाद देतो. याला जोडून एकच सांगतो. कोस्टारिकात दोस पिनोस ही संस्था १९४७ साली अवघ्या २५ उत्पादकांनी सुरू केली आणि आज ती मध्य अमेरिकेतल्या मोठ्या दूध संस्थांपैकी एक आहे. ४२ घरे म्हणजे कमी नाहीत.

आणंदचा विद्यार्थी

उदाहरण चांगले आहे, पण तिथल्या आणि आपल्या शेतकऱ्याच्या जनावरांच्या संख्येत फार अंतर आहे, त्यामुळे तुलना जपून करावी. आपल्याला तिरुपती भागातली श्रीजा ही कंपनी अधिक जवळची वाटेल. ती केवळ महिला दूध उत्पादकांची आहे. कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते आणि श्रीजा त्याच प्रकारची आहे.

जमाखर्च

सहकारी संस्था काढा किंवा उत्पादक कंपनी, दोन्हींना किमान दहा माणसे लागतात, संस्थेसाठी ती वेगवेगळ्या कुटुंबांतली हवीत, आणि दोन्हींत प्रत्येकाला एकच मत असते. कंपनीत सरकारी हस्तक्षेप कमी असतो, पण दरवर्षीची कागदपत्रे आणि सनदी लेखापालाचा खर्च ६०० लिटरच्या गावाला एकट्याने झेपणार नाही. जवळ एखादी मोठी उत्पादक कंपनी संकलन करत असेल तर तिचे सभासद व्हा. नसेल तर सहकारी संस्थाच काढा.

बोरीकाठ

सर्वांचे आभार. या तीन आठवड्यांत जे घडले ते सांगतो.

गिरणाथडी यांचा हिशेब मी पारावर वाचून दाखवला. आम्ही संकलकाला चिठ्ठी देण्याची विनंती केली. चार दिवस त्याने दिली, पाचव्या दिवशी यंत्राचा कागद संपला असे म्हणाला आणि तो अजून आलेला नाही. मग शेजारच्या गावातल्या ओळखीच्या केंद्रावर आम्ही सात दिवस आमच्या पाच घरांचे नमुने स्वतः तपासून घेतले. आमच्या मुऱ्हा म्हशीची फॅट तिथे ६.९ आणि ७.१ च्या दरम्यान लागली. संकलक तोंडी ६.४ सांगत होता. माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी सात असणार असे म्हटले होते.

बल्क कूलर साडेचार किलोमीटरवर आहे आणि रस्ता डांबरी आहे. ४२ पैकी ११ घरे संकलकाच्या उचलीत अडकली आहेत. ती फिटेपर्यंत त्यांना ओढायचे नाही असे ठरले. उरलेल्या ३१ घरांनी प्रस्ताव करायचे ठरवले आहे. पगार दर दहा दिवसांनी खात्यात, पडदा खिडकीकडे, फॅटचे दोन्ही दशांश चिठ्ठीवर, आणि सभेची सही सभेतच, एवढ्या गोष्टी आम्ही पहिल्या कागदावर लिहिल्या आहेत. जुन्या संस्थेच्या चौकशीसाठी वेगळा अर्ज देणार आहोत. ढेपीसाठी उधारीची सोय लगेच जमणार नाही, ती पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहून ठरवू.

सोमवारी दुग्ध विभागाच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात जायचे आहे. जमाखर्च, सोबत काय न्यावे?

उंबरठा

त्या आधी एक सांगा दादा, ३१ मध्ये बायकांची नावे किती?

बोरीकाठ

काल संध्याकाळपर्यंत १९, ताई. माझ्या घरचे नाव पत्नीचेच आहे.

जमाखर्च

विहित नमुन्यातला अर्ज, प्रवर्तकांच्या सह्या आणि पोटनियमांच्या चार प्रती न्या. पोटनियम छापील नमुन्यातले जसेच्या तसे उचलू नका, चिठ्ठीची आणि दहा दिवसांच्या पगाराची अट त्यात घालता येते का ते तिथेच बसून विचारा. मुख्य प्रवर्तक म्हणून कुणाचे नाव देणार आहात?

बोरीकाठ

ते उद्या सकाळच्या धारेनंतर पारावर ठरेल.